काळ्या रानातील तण आणि सोयाबीन



इ. स. १९४९ च्या सप्टेंबर महिन्यात जागतिक बँकेने भारतास एक कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले. त्याच्या आदल्याच महिन्यात मिळालेले पहिले कर्ज रेल्वेसाठी होते, आणि त्याचे प्रयोजन कोणासही सहज उमगण्यासारखे होते. हे दुसरे कर्ज मात्र एका गवतापायी काढावे लागले होते. ते गवत उपटून टाकण्यासाठी लागणारे अवजड ट्रॅक्टर व नांगर परदेशातून विकत आणावयाचे होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, अन्नधान्याची चणचण असलेल्या राष्ट्राने आपल्या दुसऱ्याच आंतरराष्ट्रीय कर्जाचा विनियोग तण काढण्याकडे करावा, ही गोष्ट आज ऐकणारास चमत्कारिक वाटेल. परंतु मध्य भारतातील काळ्या जमिनीचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस तीत नवल वाटणार नाही. त्या जमिनीत कोणते पीक केव्हा घ्यावयाचे, हे ठरविण्यात राजांच्या सनदांपेक्षा व बाजारभावांपेक्षाही तणाचा वाटा पुष्कळ वेळा मोठा होता. आज ज्या मुलखास आपण सोयाबीनचा मुलूख म्हणतो, तो बहुतांशी हाच होय. आणि सोयाबीनच्या वाढीची खरी कथाही ह्या तणापासूनच आरंभ करून सांगावी लागते.

ह्या गवताचे नाव काँस. शरदऋतू आला की नदीकाठी ज्याचे पांढरे तुरे डोलू लागतात आणि ज्याचा उल्लेख कालिदासाने शरदाच्या वर्णनात मोठ्या आवडीने केला आहे, तेच हे काश. कवीस ते नदीकाठी दिसले, शेतकऱ्यास ते स्वतःच्या गव्हाच्या रानात दिसले; तेव्हा दोघांचे मत एक होणे शक्यच नव्हते. ह्याची मुळे व जमिनीखालचे कांड खोल जातात आणि आडवे पसरतात. वरचा भाग कापला तर खालून नवे कोंब फुटतात. तुकडे केले तर प्रत्येक तुकडा स्वतंत्र रोप होऊ पाहतो. दोन बैलांच्या लाकडी नांगरास त्याच्या मुळाशी पोहोचता येत नाही. आपल्याकडील हरळी आणि कुंदा ह्यांचा ज्यांस अनुभव आहे, त्यांनी तोच प्रकार अधिक दांडग्या स्वरूपात कल्पावा.

पण काँस ही ह्या गोष्टीतील एक घटना झाली. तिच्या मागे जी व्यवस्था होती, ती आधी पाहिली पाहिजे.

माळवा, नर्मदेचे खोरे, सागर-दमोह आणि वऱ्हाडचा काही भाग ह्यांत खोल काळी माती आहे. ही माती उन्हाळ्यात हातभर खोल भेगांनी फाटते आणि पावसाळ्यात फुगून लोण्यासारखी मऊ व डिंकासारखी चिकट होते. तीत पाय घातला तर पायाबरोबर शेरभर माती वर येते. बैल रुततात, औत चालत नाही. शेतकरी ज्यास वाफसा म्हणतो, म्हणजे माती फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशी जी कामाजोगी स्थिती, ती ह्या जमिनीत पावसाळ्यात मोठ्या मुश्किलीने आणि थोडे दिवसच मिळते. जेथे चाळीस-पंचेचाळीस इंच पाऊस पडतो, तेथे झड लागली म्हणजे पंधरा पंधरा दिवस रानात शिरता येत नाही. ह्या पंधरा दिवसांत पीकही वाढते व तणही वाढते. फरक इतकाच की तण अधिक वेगाने वाढते.

म्हणून त्या प्रांतांतील शेतकऱ्याने फार पूर्वी एक तोड काढली होती. खोल काळ्या रानात पावसाळ्यात पीकच घ्यावयाचे नाही. चार महिने पाऊस जमिनीत मुरू द्यावयाचा आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास त्या ओलीवर गहू, हरभरा, जवस किंवा मसूर पेरावयाचा. मध्यंतरी पावसाने जेव्हा जेव्हा उघडीप दिली, तेव्हा तेव्हा वखराची एक पाळी द्यावयाची. वखर हे औत अत्यंत साधे आहे: लाकडी दांड्यास दोन जानकुळांनी बसविलेली एक आडवी लोखंडी फास, एवढेच. ती मातीच्या वरच्या थराखालून सरकत जाते, तणांची मुळे कापते व वरची माती भुसभुशीत करून ठेवते. चार पाळ्यांत चार वेळा उगवलेले तण मरते. हंगामाच्या अखेरीस रान स्वच्छ, वरून मोकळे व आतून ओले असे तयार होते.

गेल्या शतकातील व त्याच्याही आधीच्या कित्येक गोऱ्या अंमलदारांनी ही पावसाळी पड पाहिली आणि आळसाचा पुरावा म्हणून तिची नोंद केली. ऐन पावसाळ्यात लक्षावधी एकर जमीन उघडी पडलेली पाहून त्यांस आश्चर्य वाटले असल्यास ते क्षम्य आहे. तथापि ती जमीन रिकामी नव्हती. तीत तणाविरुद्ध युद्ध चालू होते, आणि ते युद्ध बिनपिकाच्या रानातच स्वस्तात जिंकता येते, हे मर्म शेतकऱ्यास पक्के माहीत होते. उभ्या पिकातून तण काढावयाचे म्हणजे एकेक रोप सांभाळीत हाताने काढावे लागते. मोकळ्या रानात तेच काम एक बैलजोडी करते. खरीप सोडून देण्यात त्याने एका पिकावर पाणी सोडले, पण मजुरी वाचविली आणि गहू निर्धोक केला. हा हिशेब आळशी माणसाचा नव्हे.

सगळ्याच परकीयांनी असे अविचाराने लिहिले असेही नाही. इंग्लंडमधील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे १८८९ साली सरकारच्या विनंतीवरून इकडे आले व देशभर हिंडले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात येथील शेतकऱ्यांच्या तणनिर्मूलनाची मोकळ्या मनाने वाखाणणी केलेली आढळते. ज्या इंग्लंडात जेथ्रो टल ह्यास १७३१ साली ग्रंथ लिहून पिके ओळीने पेरावीत आणि ओळींमधून घोड्याचे कोळपे चालवावे हे सांगावे लागले, तेथून आलेल्या माणसास दख्खनेतील तिफण आणि पाभर पाहून काय वाटले असेल ह्याची कल्पना करता येते. आमच्याकडे ओळीने पेरणे व ओळींतून कोळपे अथवा डवरा हाकणे ही गोष्ट कोणाही ग्रंथकाराची वाट पाहत बसली नव्हती. धान्य निस्तृण कसे व केव्हा करावे ह्याची चर्चा ‘कृषिपराशर’ ह्या संस्कृत ग्रंथातही आहे. न निंदलेल्या शेताचे पीक क्षीण होते, ही समजूत तेवढी जुनी आहे.

आता काँसाकडे पुन्हा वळू. वखराची ही व्यवस्था बैलांवर अवलंबून होती, आणि तिला एकाही वर्षाची खाडाखोड सोसत नव्हती. १८९३ पासून मध्यप्रांतातील गव्हाची पिके लागोपाठ बिघडली. कधी अवेळी पाऊस, कधी तांबेरा. पाठोपाठ १८९६-९७ चा दुष्काळ आला, आणि त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा. माणसे मेली, देशोधडीस लागली. बैल मेले, विकले गेले. सागर, दमोह, जबलपूर, नरसिंहपूर, होशंगाबाद ह्या जिल्ह्यांत लक्षावधी एकर रान वखराविना राहिले. काँस अशाच संधीची वाट पाहत बांधाला व नाल्याच्या काठाला दबा धरून बसलेले असते. दोन-तीन पावसाळ्यांत त्याने ती राने व्यापली. दुष्काळ सरला, पाऊस नीट पडू लागला, काही लोक परतही आले. परंतु परत आलेल्या शेतकऱ्याजवळ एखादी अशक्त बैलजोडी आणि समोर छातीइतके गवत, अशी स्थिती होती. दुष्काळाचे मोजमाप आपण मृतांच्या संख्येने करतो. त्याचा एक शिल्लक हिशेब गवताच्या रूपाने पुढची पन्नास वर्षे त्या जमिनीवर उभा होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

हा हिशेब चुकता करण्यास अखेर ट्रॅक्टर आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने येथे मागे ठेवलेली यंत्रे घेऊन मध्यवर्ती सरकारने एक ट्रॅक्टर संघटना उभी केली. पुढे आरंभी सांगितलेल्या कर्जातून नवी यंत्रे आली. मध्यप्रदेश, भोपाळ, मध्यभारत, विंध्यप्रदेश येथील काँसाच्या रानांत उन्हाळ्यात खोल नांगरट करावयाची, कांडे वर उलथून टाकावयाची आणि वैशाखातील उन्हाने ती करपू द्यावयाची, अशी ही मोहीम होती. जे काम बैलांच्या नांगरास पिढ्यानुपिढ्या साधले नव्हते, ते ह्या पोलादाने केले. राने मोकळी झाली. तथापि पावसाळ्यात ती पडच राहिली. वखराने तण मारावयाचे व हिवाळ्यात गहू पेरावयाचा हा जुना क्रम काँस गेल्यावरही चालूच होता.

ह्या मोकळ्या पावसाळ्यात सोयाबीनचा प्रवेश झाला.

सोयाबीन हे आपणास सर्वस्वी अपरिचित होते असे नाही. कुमाऊँच्या डोंगरात ते भटमास म्हणून पिकत असे. मध्य भारतातही ‘कालीतूर’ नावाने काळ्या दाण्याची एक जात होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या अमदानीत ह्या धान्याविषयी मोठी जिज्ञासा होती, आणि श्री. एफ. एस. काळे ह्यांचा सोयाबीनवरील विस्तृत इंग्रजी ग्रंथ १९३६ साली बडोद्यासच निघाला. त्याच्या आदल्या वर्षी वर्ध्यास मगनवाडीत गांधीजींनी आश्रमवासीयांच्या आहारात सोयाबीनचा प्रयोग केला व ‘हरिजन’ पत्रातून त्याची हकीकत दिली. परंतु हे सारे पाकशाळेतील प्रयोग झाले. शेतकऱ्याने त्याकडे लक्ष दिले नाही, कारण त्याच्या रानात त्यास जागाच नव्हती.

जागा मिळाली ती १९६० नंतर. पंतनगर व जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने सोयाबीनच्या जातींची पारख केली. १९६७ साली अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. हे पीक शंभर दिवसांच्या आसपास निघते, म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे रान गव्हास मोकळे करून देते. मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठविते. तेलगिरण्यांस बी हवे होते व पेंडीस परदेशात गिऱ्हाईक होते. पावसाळी पडीच्या रानात ते उत्तम बसले. १९७० साली साऱ्या देशात ह्या पिकाखाली सुमारे तीस हजार हेक्टर जमीन होती. आज ती एक कोटी वीस लाख हेक्टरांच्या घरात आहे, आणि तिचा बराच मोठा भाग मध्यप्रदेश व महाराष्ट्र ह्या दोन राज्यांत आहे. इतक्या अल्पकाळात इतके मोठे स्थान मिळविणारे दुसरे पीक आपल्या शेतीच्या इतिहासात दाखविणे कठीण.

ह्या यशाची कहाणी पुष्कळांनी सांगितली आहे. तिच्यातील एक कलम मात्र सहसा वगळले जाते. पावसाळ्यात रान मोकळे ठेवून वखराने तण मारावयाची जी सोय होती, ती सोयाबीनने संपविली. आता तेच तण, त्याच पावसात, त्याच चिखलात, उभ्या पिकातून काढणे प्राप्त झाले.

सोयाबीनचा स्वभाव येथे थोडा समजावून घेतला पाहिजे. उगवल्यावर पहिला महिनाभर हे रोप मंद वाढते. त्याची पाने एकमेकांस भिडून ओळींमधील जमीन झाकली गेली, की मग खाली तणास ऊन मिळत नाही व पीक स्वतःचे रक्षण स्वतः करते. परंतु तेथवर पोहोचण्यापूर्वीचे तीस ते पंचेचाळीस दिवस ते अगदी असहाय असते. ह्या मुदतीत निंदणी झाली नाही तर नंतर कितीही कष्ट केले तरी गेलेले उत्पन्न परत येत नाही. जबलपूर येथील राष्ट्रीय तण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी दहा प्रमुख पिकांतील नुकसानीचा जो अंदाज २०१८ साली प्रसिद्ध केला, त्यात भुईमुगाच्या खालोखाल सोयाबीनचा क्रमांक लागतो. आणि दैवदुर्विलास असा, की हे तीस-पंचेचाळीस दिवस नेमके जुलैच्या झडीचे असतात. एखादे वर्षी पाऊस आठवडाभर उघडत नाही. डवरा चालविता येत नाही. केना, दुधी, माठ, कुरडू, कुंजीर, लव्हाळा, शिपी ह्यांची गर्दी होते. मग उघडीप पडली म्हणजे सबंध गावास एकाच दिवशी मजूर हवे असतात.

हे मजूर कोण? विदर्भात ज्यास निंदण म्हणतात, मराठवाड्यात व देशावर ज्यास खुरपणी म्हणतात आणि सातारा-कोल्हापूरकडे ज्यास भांगलण म्हणतात, ते काम सर्वत्र बायकांचे आहे. नांगर, वखर, तिफण, डवरा पुरुषाने हाकावयाचा. खुरपे बाईने धरावयाचे. ही वाटणी इतकी पक्की आहे की तिची कोणी नोंदही घेत नाही. ओल्या मातीत उकिडवे बसून ओळीने पुढे सरकत जाणे, पीक व तण ह्यांत बोटांनी निवड करणे, आणि हे सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत करणे, ह्यास बिनकसबी काम म्हणण्याची चाल आहे. कोवळी शिपी आणि कोवळी ज्वारी ह्यांतील भेद शहरातल्या पदवीधरास दाखवून पाहावा, म्हणजे ह्यात कसब आहे किंवा कसे ते कळेल. भूमिहीन कुटुंबातील बाईच्या हाती वर्षभरात जी रोख मजुरी पडत असे, तिचा मोठा भाग ह्या दोन महिन्यांच्या निंदणीचा असे. शिवाय कुरडूची, टाकळ्याची, कुंजिराची कोवळी पाने पदरात बांधून ती घरी नेई, आणि श्रावणात त्या घरी भाजी होई.

हैदराबादेनजीक पाटनचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेतील बिन्स्वांगर आणि शेट्टी ह्या दोघांनी १९७७ साली कोरडवाहू प्रदेशातील तणनियंत्रणाच्या अर्थशास्त्रावर एक निबंध लिहिला. तो आज वाचताना विशेष महत्त्वाचा वाटतो. तणनाशक औषधे त्या वेळी पाश्चात्त्य देशांत सर्वत्र पसरली होती. ती येथे आणावीत काय, असा प्रश्न होता. त्यांचा हिशेब असा निघाला की तेव्हाच्या मजुरीच्या दरांत खुरपे व कोळपे हेच स्वस्त आहेत, औषध महाग आहे. आणि त्यांनी पुढे हेही नमूद केले की औषध स्वस्त झाले तर काम ज्यांचे जाईल त्या बहुतकरून गरिबातील गरीब घरांच्या मजूर बायका असतील. संशोधकाने यंत्राची वा औषधाची शिफारस करताना त्यामुळे कोण उघडे पडेल हेही सांगावे, ही रीत तेव्हा विरळाच होती, आणि आताही फारशी रूढ झालेली नाही.

त्यांच्या हिशेबातील अंक पुढे उलटे झाले. त्यास कारणे अनेक. मजुरी वाढली, तरुण मंडळी शहरांकडे गेली, औषधे स्वस्त झाली. परंतु महाराष्ट्रापुरते पाहिल्यास एक कारण खुद्द सोयाबीनमध्येच आहे. विदर्भ-मराठवाड्यात हे पीक माळव्याप्रमाणे केवळ रिकाम्या रानात आले नाही. त्याने ज्वारीस व काही अंशी कपाशीस हटविले. ज्वारी गेली तशी कडब्याची गंज गेली. कडबा नाही म्हणून बैल पोसणे जड झाले. बैल कमी झाले तसा डवराही कमी झाला. आणि डवरणी राहिली की सारा भार खुरप्यावर पडतो. खुरप्यास तर माणूस मिळेना. अशा रीतीने सोयाबीनने आपल्या तणावरील जुने शस्त्र आपल्याच हाताने काढून टाकले. त्या रिकाम्या जागी औषधाची बाटली आली, ह्यात शेतकऱ्याचा दोष काढण्याचे कारण दिसत नाही.

आज पेरणीबरोबर पेंडिमेथॅलिनसारखे औषध जमिनीवर मारतात. ते तणाचे बी रुजतानाच मारते. पुढे तीन आठवड्यांच्या सुमारास इमॅझेथापिर मारतात; ते पिकास झळ न लावता कित्येक रुंद व अरुंद पानांची तणे थांबविते. ते सोयाबीनला का मारीत नाही? सोयाबीनचे रोप ते विष आपल्या शरीरात वेगाने मोडून टाकते, तणास ते साधत नाही. एका माणसाने पाठीवर पंप घेऊन सकाळच्या वेळात एकराचे काम उरकावे, हे दहा-बारा बायकांच्या दिवसभराच्या मजुरीपुढे मोहक ठरले तर नवल नाही.

ह्या वाटेने आपल्या पुष्कळ आधी अमेरिका गेली, आणि तिच्या सोयाबीनच्या रानांत काय घडले तो इतिहास आपण लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. १९७० साली मोन्सँटो कंपनीतील जॉन फ्रान्झ ह्या रसायनज्ञाने ग्लायफोसेट हे द्रव्य तणमारक असल्याचे शोधून काढले व १९७४ पासून ते बाजारात आले. ते जवळजवळ प्रत्येक हिरवी वनस्पती मारी. अर्थात पीकही मारी, म्हणून उभ्या पिकात निरुपयोगी. मग लुझियाना प्रांतात, ग्लायफोसेटच्याच कारखान्याच्या सांडपाण्यात, एक जंतू आढळला. तो त्या विषात सुखाने जगत होता. त्याचा गुण सोयाबीनच्या बीजात उतरविण्यात आला आणि १९९६ साली असे बी अमेरिकन शेतकऱ्यास मिळू लागले. आता सबंध शेतावर विष फवारावे. तण मरावे, सोयाबीन तसेच उभे राहावे. कोळपे नको, नांगर नको, विचारही नको. दहा-बारा वर्षांत तेथील बहुतेक सारे सोयाबीन ह्याच जातीचे झाले.

त्या जंतूने जे कारखान्याच्या गटारात केले, ते तणे शेतात करणार नाहीत असे मानण्यास आधार काय होता? २००० साली डेलावेअर प्रांतातील सोयाबीनच्या शेतांतच ‘घोड्याचे शेपूट’ अशा अर्थाच्या नावाचे एक रानतण ग्लायफोसेटला दाद देईनासे झाले. काही वर्षांतच जॉर्जियात पामर नावाच्या माठाने तेच केले. हा आपल्या राजगिऱ्याचा व माठाचा भाऊबंद. माणसाहून उंच होतो, आणि एकेक झाड कित्येक लाख बिया टाकते. मग ह्या माठावर दुसरे जुने औषध, डायकांबा, वापरता यावे म्हणून तेही सोसणारे सोयाबीन काढले. ते औषध वाऱ्याबरोबर उडून शेजारच्या साध्या सोयाबीनवर पडले. एकट्या २०१७ साली सुमारे छत्तीस लाख एकर पिकास झळ लागली असा तेथील तज्ज्ञांचा अंदाज आहे. शेजारी शेजाऱ्याविरुद्ध तक्रारी घेऊन उभा राहिला, आणि २०२० साली न्यायालयाने त्या औषधाचे परवाने रद्द केले. जॉर्जियाच्या कपाशीच्या शेतांत तर ह्या माठापायी मजुरांच्या टोळ्या हाती कुदळ घेऊन पुन्हा उतरवाव्या लागल्या. जगातील सर्वांत यंत्रसंपन्न शेतीस अखेर खुरप्याची आठवण झाली, ही गोष्ट आपल्याकडील निंदणाऱ्या बाईस सांगितली तर ती हसेल.

भारतात असे बदललेले सोयाबीन लावण्यास आजवर परवानगी मिळालेली नाही. २०२१ साली कोंबड्यांच्या खाद्यासाठी त्याची बारा लाख टन पेंड आयात करण्यास मुभा देण्यात आली. परंतु त्यामुळे आपण ह्या संकटातून सुटलो असे समजू नये. हरियाणातील गव्हात आयसोप्रोट्युरॉन हे औषध वर्षानुवर्षे वापरले गेले, आणि १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच गहूसारखेच दिसणारे मंडूसी नावाचे गवत त्यास पुरून उरले. त्यासाठी जातीत कसलाही बदल लागला नव्हता. एकच औषध, एकच पीक आणि दरवर्षी तोच क्रम, एवढे पुरेसे झाले. सोयाबीन-गहू किंवा सोयाबीन-हरभरा आणि दर पावसाळ्यात तेच इमॅझेथापिर, हा आपला सध्याचा क्रम त्याहून फारसा निराळा नाही. केन्यासारखी तणे, ज्यांचे कांड तुटून जमिनीवर पडले तरी पुन्हा रुजते, ती अशा रानांत आधीपासूनच हट्टाने टिकून आहेत.

अमेरिकेतील मिशिगन प्रांतात विल्यम बील ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली एक प्रयोग मांडला. शेतात तण किती वेळा काढले म्हणजे जमिनीतील बियांचा साठा संपतो, असा शेतकऱ्यांचा साधा प्रश्न होता. त्याने वीस बाटल्यांत तणांच्या बिया वाळूसह भरून जमिनीत पुरल्या व ठराविक वर्षांनी एकेक बाटली काढून पाहावी असे ठरविले. तो गेला, त्याचे वारस गेले. बाटल्या निघत राहिल्या. २०२१ साली, म्हणजे एकशे बेचाळीस वर्षांनी, जी बाटली उकरली तीतील काही बिया उगवल्या. शेतकऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर अद्याप पुरे झालेले नाही, आणि उरलेल्या बाटल्या अजून जमिनीत आहेत.

ज्या संस्थेत १९७७ चा तो निबंध लिहिला गेला, तेथेच त्या सुमारास काळ्या रानासाठी आणखी एक युक्ती शोधली गेली होती: पावसाळ्यापूर्वी रुंद वरंबे व त्यांमध्ये सऱ्या पाडून वरंब्यावर पेरावयाचे. जादा पाणी सरीतून निघून जाते, वरंबा लवकर वाफशावर येतो, आणि झड उघडल्यावर पिकात शिरण्यास वाट राहते. पुष्कळ वर्षे ही कल्पना अहवालांत पडून होती. अलीकडे सोयाबीनच्या पेरणीसाठी तसे यंत्र महाराष्ट्रात गावोगाव दिसू लागले आहे, आणि कृषी विभागही त्याचा पुरस्कार करतो. ट्रॅक्टर ज्याच्याजवळ आहे किंवा भाड्याने परवडतो, त्याच्या रानात दोन दिवस आधी कोळपे चालते. ह्या दोन दिवसांची किंमत ज्याने जुलैची झड पाहिली आहे त्यासच कळेल. सरीतून चालत निंदणे चिखलात बसून निंदण्यापेक्षा सोपे असते, असे बायका सांगतात; त्यांची मजुरी मात्र अद्याप बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या मजुरीहून कमी आहे, आणि हंगाम जोरात आला म्हणजे ती उक्ती ठरते.